थेंब धावेपर्यंत

यंदा श्रावण संपता संपता भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि काचेच्या मागे बुरशीचे करडे ठिपके उठतात. दरवर्षीचंच काम आहे. अण्णांचा फोटो आणि शेजारचा आई-अण्णांचा लग्नातला फोटो, दोन्ही फ्रेमांतून सोडवून पंख्याखाली पसरले. काचा भांड्यांच्या साबणानं घासल्या, नळाखाली भरपूर पाण्यात धुतल्या आणि ओट्यावर भिंतीला टेकवून उभ्या केल्या, एकीवर एक. वरच्या कडा एकमेकींना लागल्या होत्या. खाली ओल्या फडक्याची घडी मध्ये आली होती, म्हणून तिथे बारीकशी फट. चहाचं आधण ठेवून मी उगाच तिकडे बघत उभी राहिले. दोन काचांच्या मध्ये पाच-सहा थेंब सापडले होते, दोन्हीकडून दाबले गेल्यामुळे टिकलीसारखे चपटे. खालचे दोन घसरत जाऊन फडक्यात मुरले. मधले होते तिथेच राहिले. वरच्या कडेपासून दोन बोटांवर एक थेंब होता, तो जरासा हलला, लांबुडका झाला आणि वर निघाला. आधी गोगलगायीसारखा, मग एकदम. काचा जिथे टेकल्या होत्या त्या रेघेला पोचला आणि रेघभर पसरून दिसेनासा झाला.

दिवसभर तो थेंब डोळ्यांपुढून हलेना.

असं का होतं ते मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. त्याचं नाव मला तेव्हाही येत होतं, आजही येतं. पण ते नाव मी आयुष्यात एकदा फार वाईट तऱ्हेनं वापरलं आहे, आणि त्या थेंबानं नेमकं तेच वर काढलं.

अण्णा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. दवाखान्याच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, उत्तरेला एक खिडकी, खिडकीशी मायक्रोस्कोप. स्पिरिटचा आणि फिनेलचा वास. रक्तपेशी रंगवायच्या लिशमनच्या रंगानं जांभळं पडलेलं सिंक, आणि तसलीच जांभळी अण्णांची बोटं. घरी जेवायला बसताना आई रोज एकदा त्यांच्या हातांकडे बघायची आणि ते रोज म्हणायचे, ‘घासलेत गं, हा रंग आहे, घाण नव्हे.’ शाळा सुटली की मी तिथल्या उंच स्टुलावर जाऊन बसायचे. अण्णांची सगळी कामं मला बघायला आवडत, पण खरी गंमत स्मिअरची, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरण्याची. पाऊण वितीचीही नसलेली काचेची पट्टी, ७५ मिलिमीटर लांब आणि २५ रुंद. स्पिरिटनं पुसलेली. पेशंटच्या बोटाला सुई टोचून आलेला थेंब तिच्या एका टोकापाशी घ्यायचा, मोहरीपेक्षा थोडा मोठा. मग दुसरी स्लाईड, तिला ते स्प्रेडर म्हणत, थेंबाच्या पुढे तिरकी धरायची, साधारण ३० ते ४५ अंशांत, आणि हळूच मागे आणत थेंबाला टेकवायची. इथे अण्णा थांबत. अर्धा श्वास असेल तेवढंच. त्या अर्ध्या श्वासात रक्त दोन काचांच्या कोपऱ्यात शिरायचं आणि कडेकडेनं डावीकडे उजवीकडे धावत सुटायचं. एका थेंबाची लाल रेघ व्हायची. मग अण्णांचा हात एकदाच पुढे जायचा, न दाबता, न थबकता, आणि मागे काचेवर जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा उरायचा. सुरुवातीला दाट, पुढे विरळ होत होत शेवटी पिसाच्या टोकासारखा. ‘टेल आली पाहिजे,’ म्हणायचे. त्या विरळ शेपटीच्या अलीकडेच लाल पेशी एकेकट्या, एकमेकींवर न चढता बसतात, आणि मायक्रोस्कोपखाली वाचायच्या त्या तिथेच.

नवीन मुलं शिकायला येत. सगळ्यांची चूक एकच, टेकवल्याबरोबर ढकलायचं. रक्त रुंदीभर पसरलेलं नसायचं, मग काचेच्या मधोमध एक जाड ओघळ उमटायचा आणि दोन्ही बाजू कोऱ्या राहायच्या. अण्णा रागावत नसत. स्लाईड टाकून द्यायला लावत आणि म्हणत, ‘टेकव. आता थांब. त्याला धावू दे. धावला? आता जा.’

मी सेकंड इयरला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. ओटीवर बसून वाचत होते. अण्णा ड्युटीवरून आले, पाय धुतले, माझ्याजवळ टेकले आणि म्हणाले, ‘तुमच्या पुस्तकात हे असेल का गं? स्प्रेडर टेकवला की रक्त कडेनं का धावतं? उतार नसतो, कुणी ढकलत नसतं. इतकी वर्षं बघतोय.’ मी पुस्तकातून डोकं वर केलं. ‘केशाकर्षण, अण्णा.’ ते जरा थांबले, पुढे काही येईल म्हणून. मी पान उलटलं. ‘केशाकर्षण,’ त्यांनी पुटपुटून पाहिलं, मान हलवली आणि आत गेले.

बावीस वर्षांनी, अण्णा गेल्यावर, त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण भेटायला आला होता. आता त्याचे केस पांढरे झालेले. अण्णांबद्दल बोलता बोलता म्हणाला, ‘स्मिअर शिकवताना ते नेहमी सांगायचे, याला केशाकर्षण म्हणतात, माझी मुलगी फिजिक्सला आहे, तिनं सांगितलंय.’ मी त्याच्यासाठी चहा करायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. मी एक पोकळ शब्द दिला होता आणि तो त्यांनी जपून, अभिमानानं, पुढच्या दहा-पंधरा जणांना वाटला होता.

तर तो थेंब का चढला? अण्णांना सांगायला हवं होतं ते असं. दोन काचांमध्ये सापडलेल्या थेंबाला दोन तोंडं असतात, एक अरुंद बाजूला, एक रुंद बाजूला. स्वच्छ काचेला पाणी धरून राहतं, म्हणून दोन्हीकडचा पृष्ठभाग मधे आत वळतो, वाटीसारखा. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असतो, आणि त्याचं वळण जितकं घट्ट तितकी त्याची ओढ जास्त. अरुंद बाजूचं वळण घट्ट, रुंद बाजूचं सैल. रस्सीखेचच म्हणायची, आणि त्यात अरुंद बाजू जिंकते. थेंब तिकडे सरकला की फट आणखी अरुंद, ओढ आणखी जास्त, म्हणून तो जाता जाता वेग घेतो. गोगलगाय एकदम का पळाली ते हे. या ओढीचा अंदाज हवा तर, दोन उभ्या काचांमध्ये १ मिलिमीटरची फट ठेवून त्या पाण्यात बुडवल्या तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर वर चढतं. फट दहापट कमी केली तर जवळजवळ १५ सेंटिमीटर, म्हणजे दहापट. माझ्या ओट्यावर गुरुत्वाकर्षण प्रत्येक थेंबाला सारखंच खाली ओढत होतं, पण काचांची ओढ वर गेलं की वाढत होती. कुठेतरी एक सीमा होती. तिच्या वरच्या थेंबाला कोपऱ्यानं नेलं, खालच्यांना जमिनीनं. पारा असता तर सगळं उलटं झालं असतं. पारा काचेला धरत नाही, त्याची दोन्ही तोंडं बाहेर फुगतात, आणि तो अरुंद जागेतून मोकळीकडे पळतो.

आणि अण्णांची रेघ? स्प्रेडर आणि स्लाईड यांचा जो कोपरा, त्याच्या टोकाशी फट शून्य होत जाते. रक्ताला तो कोपरा म्हणजे कधीच न संपणारी अरुंद वाट. ते आतही ओढलं जातं आणि कोपऱ्याच्या लांबीभर दोन्हीकडेही. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या दोन गणितज्ञांनी १९६९ साली याचा काटेकोर नियम मांडला: द्रव काचेला टेकतो तिथे त्याचा पृष्ठभाग काचेशी जो कोन करतो तो आणि कोपऱ्याचा अर्धा कोन यांची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी असेल, तर द्रव त्या कोपऱ्यातून धावत सुटतो, थांबतच नाही. स्प्रेडर ४० अंशांत धरला तर अर्धा कोन २०. म्हणजे रक्तानं काचेशी ७० अंशांच्या आत राहायला हवं. स्वच्छ काचेवर ते सहज राहतं. बोटाचा तेलकट ठसा पडला की हाच कोन वाढतो. अण्णा स्लाईड नेहमी कडेला धरायचे, मधे कधीच बोट लागू द्यायचे नाहीत. तेलकट काचेवर स्मिअरमध्ये गोल गोल भोकं पडतात. पोरांच्या स्लाईडमधली ती भोकं ते उजेडात धरून दाखवायचे. नियम त्यांना माहीत नव्हता. पाळत मात्र होते तो.

फोटो परत बसवले, पण त्या दोन काचा मी फ्रेममध्ये घातल्या नाहीत. नव्या आणल्या. जुन्या टेबलावर आडव्या ठेवल्या, एका टोकाला एकमेकींना टेकलेल्या, दुसऱ्या टोकाला मध्ये पोस्टकार्डाची चार पदरी घडी. ३० सेंटिमीटर लांबीला १ मिलिमीटरची उंची, म्हणजे कोन एका अंशाच्या पाचव्या भागाएवढा. हे माप मला एका जुन्या प्रयोगातून मिळालं. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभांमधून फ्रान्सिस हॉक्सबी नावाचा माणूस प्रयोग करून दाखवायचा. तरुणपणी कापडाच्या धंद्यात उमेदवारी केलेला, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, पण हाताचा पक्का. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा न्यूटन. हॉक्सबीनं दोन लांब काचा एका टोकाला टेकवून, मध्ये एका अंशाच्या पाव भागाइतका कोन ठेवून, संत्र्याच्या तेलाचा थेंब सोडला. थेंब टेकलेल्या टोकाकडे निघाला आणि जाता जाता वेग घेत गेला. मग काचांचं तेच टोक उचलून त्यांनी थेंबाला चढ दिला आणि किती उचललं म्हणजे तो अडतो ते मोजलं. टोकापासूनचं अंतर निम्मं झालं की ओढ जवळपास चौपट, असं निघालं. न्यूटननं हा प्रयोग आपल्या ‘ऑप्टिक्स’ या पुस्तकाच्या १७१७ च्या सुमाराच्या आवृत्तीत, अखेरीस मांडलेल्या प्रश्नांतल्या शेवटच्या, ३१व्या प्रश्नात, हॉक्सबीच्या नावासकट लिहून ठेवला. तोवर हॉक्सबी जाऊन चार वर्षं झाली होती.

हे वाचताना मला खोलीभर संत्र्याचा वास आला. मोठ्या माणसांनी मेणबत्तीच्या उजेडात, ओल्या लंडनमध्ये, संत्र्याच्या सालीतलं तेल काचेवर सोडून डोळे ताणून बसावं. आम्ही लहानपणी नागपुरी संत्र्याची साल दुमडून ज्योतीवर पिळायचो, तडतड ठिणग्या उडायच्या. एकमेकांच्या डोळ्यांतही पिळायचो. तेच ते तेल. माझ्याकडे साठवलेलं नव्हतं, म्हणून मी खोबरेल वापरलं. काचांना आतून तेलाचा हात फिरवला आणि एक थेंब सोडला. खोबरेल दाट, त्यामुळे तो निघाला तोच मुळी सावकाश. मी टेबलावर हनुवटी टेकून बघत होते. पहिल्या बोटभर अंतराला इतका वेळ लागला की मी मध्ये उठून कुकर बंद करून आले. शेवटचं बोटभर त्यानं पापणी लवते न लवते तोच कापलं. याच काचा उभ्या करून पाण्यात बुडवल्या तर पाणी टेकलेल्या कडेशी उंच आणि पुढे उतरत जाणारी सुंदर वक्र रेघ काढतं. ती रेघ १७१२ साली ब्रूक टेलरनं पाहून सांगितली, ज्याच्या श्रेणीनं पुढे बी.एस्सी.च्या सगळ्या पोरांना छळलं तोच टेलर. मी ती रेघ परीक्षेत काढली होती, अपास्त म्हणून नाव दिलं होतं, पूर्ण गुण मिळवले होते. दिवाळीच्या त्या सुट्टीआधी जेमतेम महिनाभर.

थेंब नेहमीच धावतो असं मात्र नाही, आणि मला वाटतं यातली सगळ्यात खोल गोष्ट ती आहे. माझ्या ओट्यावरचे मधले थेंब आठवा, ना वर ना खाली. काच कितीही धुतली तरी तिच्यावर बारीक खाचा, कण, कसला तरी ओशट पापुद्रा असतोच, आणि थेंबाची कड त्याला धरून बसते. ओढ त्या धरण्यापेक्षा जास्त झाली तरच थेंब सुटतो. एस.टी.च्या खिडक्यांना सरकत्या काचा असत, अर्धवट उघडल्या की एकीमागे एक यायच्या आणि पावसाचं पाणी त्या दोहोंमध्ये शिरायचं. अण्णा मला कोल्हापूरला न्यायचे तेव्हा करूळ घाटात मी खिडकीशी बसून तेच बघायची. बाहेर धुकं, दरीत काही दिसत नाही, बघायला उरतात ते काचांमधले थेंब. गाडी थांबली की सगळे गप्प. ड्रायव्हरनं गिअर बदलला, काचा खडखडल्या, की प्रत्येक थेंब एक-एक पाऊल सरकायचा. काही काचेच्या रबरी कडेकडे, काही खाली. खडखडाट थांबला की परत पुतळे. तो खडखडाटच त्यांना सोडवत होता हे समजायला मला अर्धं आयुष्य लागलं.

ही धरून ठेवणारी ताकद वापरून जेवणारा एक पक्षी आहे. लाल मानेचा फॅलरोप. उत्तर ध्रुवाजवळ घरटी करतो आणि हिवाळा काढायला अरबी समुद्रावर येतो, म्हणजे आपल्या दारात. दोन वर्षांमागे मुंबईजवळच्या मिठागरात एका पक्षीवेड्या मैत्रिणीनं मला तो दाखवला. चिमणीपेक्षा जरा मोठा, करडा-पांढरा, डोळ्यावर काळा पट्टा, आणि पाण्यावर भिंगरीसारखा स्वतःभोवती फिरत होता. फिरून फिरून तो पाण्यात भोवरा करतो, खालचे बारीक किडे त्यात वर येतात आणि तो चोचीच्या टोकानं टिपतो. आता अडचण अशी की चोच खाली तोंड करून असते, सुईसारखी लांब, आणि किडा पाण्याच्या थेंबात, चोचीच्या टोकाशी. ओढून घ्यायला त्याला आपल्यासारखे गाल नाहीत. मग तो थेंब घशापर्यंत चढतो कसा? मनू प्रकाश, डेव्हिड केरे आणि जॉन बुश या तिघांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा उलगडा केला. चोचीचे दोन भाग म्हणजे दोन कलत्या काचाच, घशाकडे अरुंद होत जाणाऱ्या. पक्षी चोच भराभर किंचित उघडतो, किंचित मिटतो. मिटताना थेंबाची घशाकडची कड पुढे सरकते आणि टोकाकडची धरून राहते. उघडताना टोकाकडची सुटून मागून येते आणि घशाकडची धरून राहते. प्रत्येक उघडझापेला एक पायरी. धरून राहणंच नसतं तर हा जिना झालाच नसता. चोचीला तेलाचा किंवा साबणाचा अंश लागला की ती धरण्याची रीतच बदलते आणि जिना मोडतो. समुद्रात तेल सांडतं तेव्हा असा पक्षी भरल्या पाण्यावर उपाशी राहू शकतो. हे मला सहन होत नाही.

त्या तिघांतला मनू प्रकाश मेरठचा, कानपूरच्या आयआयटीत शिकलेला. त्यानंच पुढे, २०१४ साली, घडी घालून करायचा कागदाचा मायक्रोस्कोप जगापुढे ठेवला, फोल्डस्कोप. करायला एका डॉलरपेक्षाही कमी खर्च. दूरच्या वाड्यावस्त्यांवर मलेरियासारखे आजार तपासता यावेत हा त्यामागचा एक विचार. पक्ष्याच्या चोचीतल्या थेंबाचा ध्यास घेतलेला माणूस रक्ताच्या स्लाईडकडे वळला हे कळलं तेव्हा मला अण्णांची फार आठवण झाली. भाद्रपदात आमच्याकडे तापाची साथ यायची. हिवतापाचे कर्मचारी वाडीवाडीतून फिरायचे, दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचे, आणि कागदात गुंडाळलेले स्लाईडचे गठ्ठे अण्णांच्या टेबलावर येऊन पडायचे. अण्णा रात्री उशिरापर्यंत एकेक बघत. गठ्ठा उलगडला की नुसत्या नजरेनं सांगायचे, ही अमक्यानं काढलेली, हा घाई करतो. ही तमक्याची, हिला थांबता येतं.

एक दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. भातलावणीचे दिवस. एक बाई आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, दंडात ताप. मी स्टुलावर. अण्णांनी थेंब घेतला, स्प्रेडर टेकवला आणि रक्त धावलं, पण नेहमीसारखं नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही टोकांना पोचलं, पाण्यासारखं. अण्णांनी स्प्रेडर किंचित जास्त उभा केला आणि हात झटकन पुढे नेला. असं पातळ रक्त नेहमीच्या कोनात ओढलं तर पापुद्रा फारच विरळ होतो, म्हणून कोन वाढवायचा. नवजात बाळाचं दाट रक्त असेल तर उलट, कोन कमी आणि हात सावकाश. मग हिमोग्लोबिन मोजायला साहलीच्या नळीत आम्ल घेऊन त्यात रक्त सोडलं आणि खिडकीशी नळी धरून थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवत बसले. पाच ग्रॅम. पण पाच ग्रॅम हा आकडा यायच्या आधीच, स्मिअर काढल्या काढल्या, ते मला म्हणाले होते, ‘जा, डॉक्टरांना सांग या बाईला घरी सोडू नका. मी येतो मागून.’ मी पळत गेले. संध्याकाळी घरी येताना विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळलं? म्हणाले, ‘धावण्यावरून कळतं गं.’

त्यांच्या निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं दवाखान्यात पेशी मोजायचं मशिन आलं. चांगलं झालं, मी मनापासून म्हणते. मिनिटाभरात सगळे आकडे, दमलेल्या डोळ्यांची चूक नाही, संध्याकाळी पाचलाही सकाळी नऊसारखंच. अण्णांनीही त्याचं कौतुकच केलं. फक्त स्मिअर कमी झाले. मशिनला शंका आली तरच काढायचे. घरी आले की कधी कधी त्यांची बोटं स्वच्छ असायची, आणि आई तरीही सवयीनं बघायची.

निवृत्त होताना त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली एक स्लाईडची पेटी घरी आणली होती. लाकडी, आत खाचा, पन्नास मावतील अशी. परवा माळ्यावरून काढली. दोन-चारच कोऱ्या उरल्यात, आणि एक स्प्रेडर, ज्याचे दोन्ही कोपरे त्यांनी सहाणेवर घासून काढलेले, म्हणजे रक्त स्लाईडच्या कडेपर्यंत जाऊन सांडू नये. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. कापसावर स्पिरिट घेऊन स्लाईड पुसल्या आणि कडेला धरून उजेडात बघितल्या. मग निर्जंतुक सुई घेऊन करंगळीशेजारच्या बोटाला टोचलं, तसंच, त्यांच्यासारखं, बाजूनं.

पहिल्या वेळी मी टेकवल्याबरोबर ढकललं. मधोमध जाड ओघळ, बाजू कोऱ्या.

दुसऱ्या वेळी थांबले, पण हात कापला आणि पापुद्र्यावर आडव्या पायऱ्या उमटल्या. मला बोट परत दाबावं लागलं. तिसरी स्लाईड ठेवली, थेंब घेतला, स्प्रेडर साधारण ४० अंशांत धरून मागे आणला आणि टेकवला. रक्त कोपऱ्यात शिरलं. मी बघत राहिले. आधी उजवीकडे निघालं, मग डावीकडे, उजवीकडे क्षणभर कशाला तरी अडलं, सुटलं, आणि घासलेल्या कोपऱ्यांपाशी दोन्हीकडे एकदमच पोचलं.

‘धावला, अण्णा,’ मी म्हटलं, आणि हात पुढे नेला.